पाखरं दुसऱ्या घरी देताना
(वाचकांचे प्रश्न, पशुवैद्याची उत्तरं)

प्रश्न : आदरणीय डॉक्टरताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही अमरावतीला राहतो. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि घर एकदम सुनं झालं. तेव्हा आमच्या यांनी बाजारातून बजीची, म्हणजे छोट्या रंगीत पोपटांची, एक जोडी आणली. बघता बघता घर पाखरांचं झालं. आज हॉलला लागून असलेल्या खोलीत सहा बजी आणि दोन कॉकटेल, म्हणजे तुरेवाले पोपट, आहेत. कॉकटेलच्या जोडीचं नाव राजा आणि चिंगी. यांची स्कूटर फाटकाशी आली की राजा शीळ घालतो, मग मला कळतं की हे आले. पहाटे उठून पिंजऱ्याचे ट्रे खरवडणं, वाटीतल्या राळ्यांवर फुंकर घालून टरफलं उडवणं, चिंगीला खांद्यावर बसवून पेपर वाचणं, हा यांचा रोजचा नेम. मला कधी त्यात हात घालू दिला नाही.

गेल्या पावसाळ्यापासून यांना कोरडा खोकला लागला. संध्याकाळी कणकण असायची. आधी दमा समजून पंप दिला. टीबीच्या तपासण्या झाल्या, त्यात काही निघालं नाही. दिवाळीनंतर आम्ही आठवडाभर मुलीच्या फ्लॅटवर राहिलो, तिथे मात्र हे ठणठणीत होते. परत आलो आणि पुन्हा तेच. यंदा तर एक जिना चढला की बसावं लागायचं. शेवटी नागपूरच्या छातीच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन, फुंकायची तपासणी आणि रक्त बघून सांगितलं, की हा पाखरांमुळे झालेला फुप्फुसाचा आजार आहे, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, घरातली सगळी पाखरं काढा.

गोळ्यांनी खोकला बसला. आता हे म्हणतात, मला बरं आहे, पिंजरे मागच्या गॅलरीत ठेवतो, मास्क लावतो, पण पाखरं देणार नाही. नऊ वर्षं काही झालं नाही, आताच कसं झालं? सासूबाई म्हणतात, पिंजरा उघडा, उडून जातील, पुण्य लागेल. मुलगी म्हणते, मी पुण्याला नेते. होळीपासून हॉलमध्ये कूलर लागलाय. रात्री त्याच्या आवाजात मी यांचा श्वास ऐकत पडून असते. आपल्या हातचं खाणाऱ्या जिवांना घराबाहेर कसं काढायचं? दुसरा काही मार्ग आहे का?

— एक वाचक, अमरावती

उत्तर : ताई, पाखरं द्यावी लागतील. सगळी, आणि लवकर.

मी पक्ष्यांची डॉक्टर. ‘अमक्यांनी सांगितलंय, जनावर काढा’ असं म्हणत लोक माझ्याकडे येतात तेव्हा दहांतल्या बहुतेकांना मी परत पाठवते, कारण जनावर न काढताही भागण्यासारखं असतं. पुढच्याच पत्रात तसं एक उदाहरण आहे. तुमच्या घरचा आजार त्यातला नाही. इथे पाखरं घराबाहेर जाणं हाच औषधोपचाराचा पहिला भाग आहे आणि गोळ्या त्याच्यामागून येतात.

तुमच्या पत्रात एक ओळ आहे, तिच्यावरून तुम्ही पटकन पुढे गेलात. पुण्याला आठवडाभर यजमान ठणठणीत होते आणि घरी परतल्यावर खोकला पुन्हा सुरू झाला. या आजाराची इतकी बोलकी खूण दुसरी नाही. ही ओळ छातीच्या डॉक्टरांना सांगितली नसेल तर पुढच्या भेटीत जरूर सांगा.

आता हे होतं कसं ते सांगते, कारण यजमानांना ते पटल्याशिवाय पुढचं काही होणार नाही. पाखराच्या अंगावरून एक अतिशय बारीक भुकटी सतत झडत असते. कॉकटेलला तर ती मुबलक असते. चिंगी खांद्यावरून उतरली की शर्टावर जो पांढरट थर राहतो, टीव्हीच्या काचेवर जो दर दोन दिवसांनी बसतो, तोच. शिवाय वाळलेल्या शिटेची धूळ. या दोन्हींत पाखराच्या शरीरातली प्रथिनं असतात. ही धूळ इतकी बारीक असते की नाकात-घशात न अडकता फुप्फुसाच्या शेवटच्या टोकापर्यंत, वायुकोशांपर्यंत पोहोचते. एखाद्याच्या शरीराला ती प्रथिनं शत्रू वाटू लागतात आणि वायुकोशांच्या भिंतींना सूज येते. शिंका आणि खाजेची जी ॲलर्जी आपल्याला माहीत असते, तिचा हा प्रकार नव्हे. म्हणून सर्दीच्या ॲलर्जीची गोळी इथे उपयोगी पडत नाही.

नऊ वर्षं काही झालं नाही, हा यजमानांचा मुद्दा मी पुष्कळांच्या तोंडून ऐकलेला आहे. शरीर कधी बिथरेल याचा नेम नसतो. काहींना पाखरं आणल्यावर काही महिन्यांत त्रास होतो, काहींना कित्येक वर्षांनी. त्याच घरात तुम्ही आणि सासूबाई ठीक आहात, याचं कारणही तेच. पण एकदा शरीराने ओळख धरली की थोडी धूळसुद्धा पुरते. आणि ट्रे खरवडणं, राळ्यावर फुंकर घालणं ही दोन्ही कामं यजमानांनीच केली. फुंकर मारताना वाटीतली सगळी भुकटी उलट तोंडावर येते. ज्याने जास्त माया केली त्याच्याच छातीत ती जास्त गेली, हे लिहितानाही मला वाईट वाटतंय.

गोळ्यांनी बरं वाटतंय, हे खरं आहे. स्टेरॉइड सूज बसवतं. धूळ मात्र रोज आत जातेच आहे. सूज वर्षानुवर्षं राहिली तर त्या जागी व्रण धरतात, फुप्फुस निबर होतं. डॉक्टर ज्याला फायब्रोसिस म्हणतात ते हेच. निबर झालेला भाग परत मऊ होत नाही. व्रण धरायच्या आधी धूळ थांबली तर पुष्कळ रुग्णांचं फुप्फुस चांगलं सावरतं. तुमच्या सीटीच्या रिपोर्टमध्ये फायब्रोसिस आहे की नाही, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आणि गोळ्यांचा डोस मनाने कमी करू नका, अचानक थांबवू तर मुळीच नका.

गॅलरीचं काय? गॅलरीतली हवा घरातच येते. तुम्ही पिंजरे झाडून आत याल तेव्हा तुमच्या पदरावर, केसांत तीच भुकटी असेल. चांगला एन-95 मास्क थोड्या वेळेच्या कामाला ठीक. माणूस मास्क लावून जेवत नाही आणि झोपत नाही. खालच्या मजल्यावर दिराकडे पिंजरे ठेवायचे आणि तुम्ही येऊन-जाऊन बघायचं, असंही मनात येईल. तेही नको.

आता कूलर. तुम्ही तो रात्रीच्या आवाजापुरता लिहिलात, पण मी तिथेच थांबले. फुप्फुसाला अशी सूज आणि व्रण धरणाऱ्या आजारांचा एक गट आहे, भारतातल्या त्या गटाच्या रुग्णांची एक मोठी नोंद 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात 19 शहरांतल्या 27 केंद्रांमधले 1,084 रुग्ण होते. त्यांतल्या 47.3 टक्के लोकांना नेमका तुमच्या यजमानांचा आजार निघाला आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांचा कूलरच्या हवेशी संबंध होता. कूलरच्या ओल्या ताट्यांवर, टाकीतल्या शिळ्या पाण्यावर बुरशी आणि जंतू वाढतात आणि पंखा ते थेट छातीवर फेकतो. पाखरं गेली आणि कूलर राहिला, तर एवढं मोठं दुःख सोसूनही खोकला जाईलच असं नाही. अमरावतीच्या वैशाखात कूलर बंद ठेवणं ही शिक्षा आहे, मी नागपूरची आहे, मला सांगायला नको. तरी यजमान असतात त्या घरात तो नकोच. एसी परवडत असेल तर जाळी नियमित धुवून तो वापरा, नाहीतर पंखा आणि पडद्यांवर भागवा. रक्तात कशाकशाविरुद्धची प्रतिद्रव्यं तपासली ते रिपोर्टवर लिहिलेलं असतं. त्यात बुरशीची तपासणी आहे का, तेही डॉक्टरांना विचारा.

गच्चीवर कबुतरांना ज्वारी टाकायचा नेम असेल तर तोही आजपासून बंद. 2025 मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तेव्हा मुंबईत केवढा वाद झाला ते आपण वाचलं. त्या वादात ज्या फुप्फुसाच्या आजाराचं नाव सारखं येत होतं, तो हाच.

पिंजरा उघडून पुण्य मिळवायच्या सासूबाईंच्या कल्पनेबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. बजी आणि कॉकटेल मूळचे ऑस्ट्रेलियातले. तुमच्याकडचे तर पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात निपजलेले. त्यांना वाटीतला दाणा कळतो, झाडावरचं खाद्य शोधता येत नाही. पिंजरा उघडल्यावर ते भुर्रकन जातात, आपल्याला छान वाटतं, आणि मग पुढच्या झाडावर कावळे त्यांना टोचून मारतात. शिक्रा असतो, मांजर असते. यातून वाचलं ते तहानेने जातं. असे अर्धमेले बजी लोक रुमालात गुंडाळून माझ्याकडे आणतात, त्यातले फार थोडे जगतात. 1960 च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंध कायद्याच्या कलम 11 नुसारही पाळलेल्या जनावराचे भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत त्याला सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे भीती वाटावी असा नाही. पण सासूबाईंना कायदा नका सांगू. त्यांना सांगा, की आई, राजाला कावळ्याच्या तोंडी द्यायचं पुण्य आपल्याला नको.

मुलीकडे पुण्यालाही नको. तिची माया खरी आहे, पण यजमानांच्या फुप्फुसाला आराम मिळालेली ती एकमेव जागा आहे. तिथे पाखरं गेली तर यजमान तिच्याकडे राहायला कसे जाणार? आणि दिवाळीला ती येईल तेव्हा तिच्या बॅगेतून, कपड्यांतून भुकटी पुन्हा अमरावतीत येणार. तिला दुसरं काम द्या, घर शोधायचं.

घर कसं असावं? माझ्या मते ओळखीतलं. परत दुकानदाराकडे नको, तिथे जोड्या फुटतात. अनोळखी माणसाला ‘फुकट देणे आहे’ अशी जाहिरात करूनही नको. घरी दिवसा कुणीतरी असावं. मांजर नसावी. कुणाला दमा, जुना खोकला नसावा. तुम्ही पाखरं का देताय, ते त्यांना अगदी स्पष्ट सांगा. लपवाल तर तोच आजार दुसऱ्या दारी नेऊन ठेवाल. त्यांना म्हणावं, पाखरं निजायच्या खोलीत ठेवू नका, ट्रेमध्ये कागद घाला आणि तो ओला करूनच काढा, दाण्यांची टरफलं फुंकू नका, वाटी घराबाहेर झटका, तेव्हा मास्क लावा. पाखरांना रोज अंघोळीचं पाणी ठेवलं तर भुकटी कमी उडते.

राजा आणि चिंगीची जोडी एकत्रच जायला हवी, यावर मी ठाम आहे. बजी सहाही एका घरी गेले तर उत्तम, नाही जमलं तर दोन-दोन करून द्या, पण एकटं कुणालाही नको. कॉकटेल पंधरा-वीस वर्षं जगू शकतो. घेणाऱ्याला ही गोष्ट आधीच सांगा आणि ऐकल्यावर त्याचा चेहरा बघा. एकदा स्वतः त्यांच्या घरी जाऊन या (यजमानांनी जायचं नाही). खिडक्यांना जाळी आहे का, स्वयंपाकघर किती जवळ आहे, ते पाहा. नॉनस्टिक भांडं रिकामं तापलं तर त्याच्या धुराने पाखरं काही मिनिटांत मरतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. त्यांच्याकडे आधीची पाखरं असतील तर तुमची महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवायची अट घाला. आणि हे घर जमलं नाही तर पाखरं कुणाकडे परत जातील, ते नाव आधीच ठरवून ठेवा, कारण ते तुमचं घर असू शकत नाही.

कागदपत्रांची चिंता नको. बजी आणि कॉकटेल या दोन्हींना परवाना किंवा नोंदणी लागत नाही. हे वाचणाऱ्या ज्यांच्याकडे सन कोन्यूर किंवा आफ्रिकन ग्रे असे परदेशी पोपट असतील त्यांनी मात्र थांबावं. 2024 च्या नियमांनुसार त्यांची केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर नोंद लागते आणि पक्षी दुसऱ्याला दिला तर तेही कळवावं लागतं. आणि आपला हिरवा देशी पोपट घरात असेल तर तो देणं-घेणं सोडा, पाळणंच 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे. तो वनविभागाकडे द्यायचा. नागपूरला सेमिनरी हिल्सवर त्यांचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, म्हणजे वन्यजीवांवर उपचार करणारं केंद्र, आहे.

देण्याआधी पाखरं एकदा पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवा. शीट तपासून घ्या, प्रत्येकाचं वजन करून लिहून ठेवा. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा चालतो. कॉकटेल साधारण 80 ते 100 ग्रॅमचा असतो. नव्या घरी पहिले पंधरा दिवस रोज सकाळी वजन करायला सांगा. पाखरू दुखणं लपवतं, काटा लपवत नाही. वजन दहाव्या हिश्शाने उतरलं तर लगेच डॉक्टर गाठायचे.

यजमानांना मात्र यातून वगळू नका. खोलीत जायचं नाही हे आजपासूनच पाळायचं, पण पाखरांची माहिती त्यांच्याइतकी कुणालाच नाही. त्यांना एक वही द्या. कोण काय खातं, राजाला शेवग्याचा पाला आवडतो की कोथिंबीर, समुद्रफेस कुठे टांगायचा, चिंगी कशाला घाबरते, कुणाचं कुणाशी पटत नाही, शीळ कोणत्या चालीवर घालायची. हे सगळं त्यांनी लिहायचं. कॉकटेल रात्री अंधारात दचकून पिंजऱ्यावर आपटतात, म्हणून तुम्ही लहान दिवा ठेवत असाल. ते नव्या घरी कोण सांगणार? ही वही पाखरांबरोबर जाईल आणि मला खात्री आहे, यजमानांना ती लिहिताना जड जाईल, पण लिहिल्यावर थोडं हलकं वाटेल. निरोप काचेआडून किंवा अंगणातून घेता येईल. तो कसा घ्यावा, मास्क लावून किती वेळ, हे छातीच्या डॉक्टरांना विचारा.

पिंजरेही त्यांच्याबरोबर द्या. पाखरांना ओळखीची जागा मिळते, हा एक भाग. दुसरा असा, की रिकामा पिंजरा आठवण म्हणून माळ्यावर ठेवायचा मोह तुम्हाला होणार. त्याच्या प्रत्येक काडीवर भुकटी आहे. चिंगीचं गळलेलं पीस पोथीत जपून ठेवलं असेल तर तेही काढा. फोटो ठेवा, हवे तितके.

आणि मग घर. इथे लोक कमी पडतात, म्हणून जरा लांबवते. पाखरं काढून, साफसफाई करूनही दीड वर्षानंतर घरात त्यांची प्रथिनं सापडल्याची नोंद आहे. म्हणून यजमानांना काही दिवस नातेवाइकांकडे किंवा मुलीकडे पाठवा आणि ते नसतानाच साफसफाई करा. कोरडा झाडू अजिबात नको, सगळं ओल्या फडक्याने. पंख्याची पाती, ट्यूबलाइटच्या पट्ट्या, कपाटांचे माथे, खिडक्यांच्या खाचा. पडदे, चादरी, सोफ्याची कव्हरं गरम पाण्यात धुवा. ज्या खोलीत पिंजरे होते तिथली गादी आणि सतरंजी टाकून दिलेली बरी. भिंती पुसून नवा रंग देता आला तर छान. घरात पिसांची उशी किंवा रजई असेल, हल्ली मुलं भेट म्हणून आणतात, ती बाहेर. आपल्या कापसाच्या उशीला हरकत नाही. हे करताना तुम्ही स्वतः एन-95 लावा आणि घरकामाला येणाऱ्या बाईंनाही द्या. त्यांचं फुप्फुस वेगळ्या मातीचं नाही.

तुम्ही विचारलंत, हातचं खाणाऱ्या जिवांना कसं काढायचं. त्यांना कळणारच नाही, असं मी म्हणणार नाही. कॉकटेलला माणूस कळतो. राजा काही दिवस ओरडेल, दाराकडे बघेल, कदाचित कमी खाईल. पण ही थव्यात राहणारी पाखरं आहेत. जोडी सोबत असेल, दाणा तोच असेल, रोज वेळ देणारं माणूस असेल, तर आठवड्या-दोन आठवड्यांत बहुतेक रुळतात. मी अशी पाखरं नव्या घरातून तपासणीला आलेली पाहते. नव्या माणसाच्या खांद्यावर बसून येतात, पिसं चकचकीत असतात. एक कॉकटेल अजून जुन्या मालकांची शीळ घालतो आणि नव्या घरातली लहान मुलगी ती शिकली आहे.

भेटायला मात्र यजमानांनी जायचं नाही. तुम्ही गेलात तर घरी येऊन आधी अंघोळ, कपडे लगेच धुवायला. व्हिडिओ कॉलवर भेटायला कुणाची हरकत नाही. राजा फोनवरही उत्तर देईल, काही पाखरं देतात.

आता चार ओळी यजमानांना वाचून दाखवा. भाऊ, पाखरं तुम्ही सांभाळलीत तशी फार कमी लोक सांभाळतात, हे तुमच्या बायकोच्या पत्रातूनच दिसतं. तुम्ही आजारी पडून दवाखान्यात राहिलात तर त्या आठ जिवांचं घाईघाईने कुणीतरी काहीतरी करील. आज तुम्ही धडधाकट आहात, घर निवडू शकता, वही लिहू शकता, अटी घालू शकता. हे काम तुमच्याच हातून व्हावं असं मला वाटतं. दोन महिन्यांनी पुन्हा फुंकायची तपासणी कराल तेव्हा तो कागद मला पाठवा. मी वाट बघेन.

प्रश्न : माझी सून गरोदर आहे, तिसरा महिना. आमच्या घरात सहा वर्षांची मनी नावाची मांजर आहे. विहीणबाई म्हणतात, मांजरामुळे बाळाला धोका असतो, ती कुठेतरी लांब सोडून या. सून रडते, कारण मनी तिच्याच पायाशी झोपते. आमच्या डॉक्टरीणबाईंनी काही म्हटलेलं नाही. काय करावं?

— एक सासू, देवरुख

उत्तर : मनीला ठेवा. लांब नेऊन सोडायचा विचार कुणी करत असेल तर आजच थांबवा.

विहीणबाईंची काळजी खोटी नाही, पण ती चुकीच्या जागी धरली आहे. टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो. गरोदरपणात पहिल्यांदाच त्याची लागण झाली तर बाळाला त्रास होऊ शकतो, हे खरं. पण मांजर साधारणपणे आयुष्यात एकदाच, स्वतःला पहिली लागण झाल्यावर, एक ते तीन आठवडे तो सोडते. आणि विष्ठेतून पडलेला हा परजीवी लागण करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे मनीची घाण रोजच्या रोज काढली तर धोका फारसा उरत नाही. ते काम सुनेने करायचं नाही, तुम्ही किंवा मुलाने हातमोजे घालून करायचं. मांजराला कुरवाळल्याने, ती पायाशी झोपल्याने हा आजार सहसा होत नाही.

खरी काळजी स्वयंपाकघरात आणि परसात घ्या. मटण-चिकन पूर्ण शिजलेलं हवं. कोथिंबीर, पालेभाजी, कोशिंबिरीच्या भाज्या नीट धुवा. परसातली माती हाताळताना सुनेने हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत, कारण आसपासची भटकी मांजरं तिथे घाण करतच असतात, मनी असो वा नसो. मनीला कच्चं मांस घालू नका आणि रात्री घरात ठेवा, म्हणजे उंदीर खाणं कमी होईल. बाळंतपण होईपर्यंत नवं पिल्लू मात्र आणू नका. डॉक्टरीणबाईंना टोक्सोप्लाझ्माच्या रक्ततपासणीबद्दल विचारा. सुनेला ही लागण पूर्वीच होऊन गेली असेल तर काळजी आणखी कमी.

पाळणा आणाल तो बाळ यायच्या महिनाभर आधी आणा. मनी पहिल्याच दिवशी त्यात जाऊन झोपेल. तिला प्रत्येक वेळी उचलून तिच्या पोत्यावर ठेवा, ओरडू नका. बाळ घरी येईपर्यंत तिला कळलेलं असेल. तरीही पाळण्यावर मच्छरदाणी लावा आणि बाळ झोपलेलं असताना त्या खोलीचं दार लोटून घ्या.